चाळीस दिवस उघडं दार

११ जुलै

बाल्शानं ही वही आणून दिली. भेटायला येणाऱ्यांची नावं तिच्यात लिहायची, म्हणजे उद्या त्यांच्या घरी अशी वेळ आली तर आपल्याकडून जायचं राहत नाही. "आत्या, अक्षर तुझंच चांगलं," म्हणाला. पुढून नावं लिहिते आहे, मागून हे. सव्वीस वर्षं दिवसातून तीनदा काहीतरी लिहायची सवय आहे. इथे लिहायला दुसरं काही नाही.

माझा भाऊ, बाल्शाचा बाप ब्लागोता, ९ तारखेला पहाटे गेला. वय चौसष्ट. हृदय. काल त्याला पुरलं. थडगं त्यानं पंधरा वर्षांपूर्वीच बांधून ठेवलं होतं. काळ्या दगडावर दोघांचे चेहरे कोरलेले आहेत, त्याचा आणि झागोर्कावहिनीचा. त्याच्या जन्मसालापुढे रेघ आहे, त्या रेघेपुढे आता साल येईल. वहिनीच्या रेघेपुढे जागा मोकळी आहे.

पॉडगोरित्साला मी पहिल्यांदाच आले. हे ऐकून लोक कपातून मान वर काढून बघतात. राजधानी, आणि आमच्या कोलाशिनहून गाडीनं दीड तास, आणि वय सत्तावन्न. शेजारच्या सावोच्या पुतण्यानं मला त्याच्या टेम्पोतून थेट स्मशानाच्या दारात सोडलं, तिथून बाल्शाच्या गाडीनं इथे, चौथ्या मजल्यावर. शहर पाहिलं ते दोन्ही गाड्यांच्या काचेतून. पुलावरून गेलो तेव्हा नदी उजवीकडे होती आणि मी डावीकडे बसले होते.

बाल्कनीत औषधाच्या दुकानानं फुकट दिलेलं प्लास्टिकचं तापमापक आहे. दुपारी दोनला ३९. भिंतीला चिकटलेलं, उन्हात. ग्राह्य नाही.

१४ जुलै

आज अठ्ठावीस नावं. कॉफी, राकियाची दारू, पाणी, पुन्हा कॉफी. पुरुष बैठकीच्या खोलीत, बायका वहिनीपाशी. मी मध्ये स्वयंपाकघरात.

वहिनीचं खुब्याचं हाड मे महिन्यात बदललं. काठी धरून खोलीतल्या खोलीत चालते. लिफ्ट बंद आहे, म्हणजे तिला खाली उतरता येत नाही. बाल्शा समुद्रावर हॉटेलात मुख्य स्वयंपाकी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला सुट्टी नाही, फक्त सोमवारी येऊ शकतो. काल जाताना मला जवळ घेऊन म्हणाला, "तू आहेस म्हणून मला घोर नाही." तो लहान असताना मी त्याला वर, आमच्या गावी चार उन्हाळे सांभाळलं आहे.

वहिनीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "आमच्या घराण्यात चाळीस दिवस दाराला कुलूप लागत नाही. ज्याला यायचं त्यानं ढकलून यावं." म्हणजे घर उघडं, म्हणून कुणीतरी घरात हवंच. आणि सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जायचं नाही की चौकात कॉफी प्यायची नाही, हे तर आमच्या वरच्या गावांतही आहे. चाळिसावा दिवस १७ ऑगस्टला येतो. मोजून पाहिलं. अजून चौतीस.

पाहुण्यांपैकी एक बाई मला म्हणाली, "तूच ना ती वरची बहीण? कधी येऊ न शकणारी?" मी म्हटलं, हो. तिनं कप पुढे केला.

१५ जुलै

सावोचा फोन. सावो हा कोलाशिनच्या वर, यावोराला माझा शेजारी. तिथल्या हवामान केंद्राची मी निरीक्षक आहे आणि केंद्राच्याच घरात राहते. मी नाही तोवर सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊच्या नोंदी तो घेतो आहे.

"रात्री नऊला किती होतं?" विचारलं.

"चौदा असेल."

"असेल म्हणजे?"

"चौदाच्या आसपास गं."

"सावो, दशांशात सांगायचं असतं."

"रोसांदा, माझ्या शेळ्यांना दशांश लागत नाही. गारठलं की आत येतात, तापलं की बाहेर. तुझ्या कार्यालयापेक्षा हुशार आहेत."

मी म्हटलं, पावसाचं भांडं रोज रिकामं कर, पाऊस नसला तरी. तो म्हणाला, पाऊस नसला तर ते रिकामंच असतं. त्यात माशा पडतात, हे त्याला समजावलं.

१९ जुलै

४०. ग्राह्य नाही.

वहिनीशी माझं कधी भांडण नाही, पण बोलणंही फारसं झालेलं नाही. आता दिवसभर एका घरात आहोत. तिची जीभ तिखट आहे हे दादा म्हणायचा, हसत म्हणायचा.

आज सकाळी म्हणाली, "काय वन्सं, तुमच्या डोंगरावर कुणी वाट बघत नाही वाटतं?" मी लग्न केलं नाही, त्यावरून असावं. कप पुसत राहिले.

दुपारी पुन्हा. "इतकी घासलेली भांडी माझ्या लग्नातसुद्धा नव्हती. जा की जरा खाली. झाडाखाली बस. माणसं बघ."

"दार उघडं आहे," मी म्हटलं.

"मग? पळून जाणार आहे का दार?"

उपरोधानं म्हणाली. नियम तिनंच सांगितला होता. मी गेले नाही. गेले असते तर संध्याकाळी बाल्शाला फोनवर सांगायला तिला विषय झाला असता.

रात्री नऊला फोनकडे लक्ष गेलं. दादा रोज नऊची नोंद झाली की फोन करायचा. "किती?" विचारायचा, मी आकडा सांगायची, तो "बरं" म्हणायचा. दोन मिनिटं. ८ जुलैला वर गारपीट झाली होती. तो काहीतरी सांगत होता, मी म्हटलं, ठेवते, पाऊस मोजायचाय. सत्तावीस मिलिमीटर भरला.

२४ जुलै

श्पीरो रोज येतो. तळमजल्यावर राहतो, बस चालवायचा, आता निवृत्त. दादाचा बुद्धिबळातला जोडीदार. त्याचं नाव वहीत एकदाच लिहिलं, त्यावर तो रुसला.

"मी पंधरा वेळा आलोय. पंधरा वेळा लिही."

"एका माणसाची एकच नोंद."

आतून वहिनी ओरडली, "लिही गं त्याचं! तो मेला की आपल्याला पंधरा वेळा जावं लागेल, जिने उतरायला तरी कारण मिळेल."

श्पीरो हसला आणि मग रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. म्हणाला, "तुझा भाऊ हरायला लागला की नेमकं नऊला दहा कमी असायचे. उठायचा. म्हणायचा, माझा हवामानाचा फोन आहे. वजीर मरत असला तरी उठायचा. आम्ही म्हणायचो, अरे, बातम्यांत सांगतात ना हवामान! तर म्हणायचा, त्यात यावोरा नसतं."

दादाला हवामानाची इतकी आवड होती हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी नव्हती.

श्पीरो आणखी म्हणाला, की पुलावरच्या तिसऱ्या दिव्यापाशी ते दोघं रोज संध्याकाळी उभे राहायचे. "बहीण आली की तिला इथून नदी दाखवणार, म्हणायचा. मी म्हटलं, कधी येणार? म्हणे, नोंदी असतात तिच्या."

सव्वीस वर्षांत त्यानं किती वेळा बोलावलं ते मी मोजलेलं नाही. दर वेळी मी तेच म्हटलं: नोंदी कोण घेईल?

बाल्कनीतून पूल दिसत नाही. समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, वाळत घातलेले कपडे, अंजिराचं एक झाड भिंत फोडून वर आलेलं, आणि दोन इमारतींच्या फटीतून रस्त्याचा एक तुकडा. त्या तुकड्यातून माणसं एक-दोन सेकंद दिसतात आणि जातात. ही राजधानी.

३० जुलै

४२. वारा नाही. पाहुणे तीन.

सावोनं कार्यालयाकडून आलेलं पत्र फोनवर वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, दोनदा वाचायला लावलं. निरीक्षक २० ऑगस्टपर्यंत हजर झाला नाही, तर केंद्रात स्वयंचलित यंत्र बसवण्यात येईल, निरीक्षकाचं पद संपेल आणि घर परत घेतलं जाईल.

"यंत्राचा खांब आणून टाकलाय पण," सावो म्हणाला. "तुझ्या कुंपणापाशी. माझ्या कोंबड्या बसतात त्यावर."

"मी अठराला येते. चाळिसावा झाला की दुसऱ्या दिवशी."

"ये बाई. तुझ्या तापमापकाच्या पेटीत कोळी झालाय. काढू का?"

"हात लावू नको," म्हटलं.

वहिनीला काही सांगितलं नाही. बाल्शाला सोमवारी सांगितलं होतं, की अठराला जाईन. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू, आत्या. चाळिसावा तर होऊ दे." त्याच्या आवाजात दादा आहे.

३ ऑगस्ट

स्वयंपाकघरात दाराच्या मागे भिंतीवरची दिनदर्शिका आहे. दार इतके दिवस उघडंच असल्यामुळे ती दाराआड गेली होती. आज वाऱ्यानं दार मिटलं तेव्हा दिसली. प्रत्येक चौकोनात शिसपेन्सिलीनं एक बारीक आकडा. जानेवारीपासून ८ जुलैपर्यंत.

वहिनी काठी टेकत आली. "ते? मला वाटायचं रक्तदाब लिहून ठेवतो. मग उणे आकडे दिसले. म्हटलं, उणे बारा रक्तदाब! मग तर हा कधीच गेलाय."

मी म्हटलं, या माझ्या नऊच्या नोंदी आहेत.

तिनं काठी भिंतीला टेकवली. खुर्ची ओढून बसली.

सगळे आकडे मला पाठ नाहीत, पण ३ मार्च आठवतो. त्या दिवशी नळ फुटला होता. चौकोनात त्यानं उणे सतरा लिहिलंय. म्हणजे मी जे सांगितलं तेच. खरं उणे एकोणीस पूर्णांक चार होतं. त्याला काळजी वाटेल म्हणून मी कमी सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत चुकीची दिलेली तेवढी एकच नोंद.

जून २२ ला चौकोनात आकडा नाही, फक्त "आवाज बसलाय" असं लिहिलंय. मला तेव्हा सर्दी होती.

दार पुन्हा उघडून ठेवलं.

९ ऑगस्ट

४३. भिंतीला हात लावला तर बाहेरून चूल पेटवल्यासारखी. दिवसा शहरात आवाज नाही. ज्यांना जमतं ते सगळे डोंगरात किंवा समुद्रावर गेलेत. आमच्या यावोराकडेही गेले असतील काही.

बाल्शा आज सोमवार नसताना आला. कलिंगड घेऊन. खाणं झाल्यावर एक कागद काढला. स्वेच्छेनं मुदतीपूर्वी निवृत्तीचा अर्ज, माझ्या नावानं, टाइप केलेला. खाली तारीख आणि सहीची जागा.

"तुझं एकच वर्ष राहिलंय, आत्या. त्या एका वर्षासाठी एकटी बर्फ उकरत बसणार? इथे आईला सोबत, तुला सोबत. बाबांची खोली तुझी. मी रंग लावून घेतो. तुला कोणता आवडतो?"

मी म्हटलं, पांढरा. केंद्राच्या पेटीला पांढरा असतो, म्हणून तोंडात आलं. त्याला वाटलं मी हो म्हटलं. त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. चांगला मुलगा आहे. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय, रोज चौदा तास उभा असतो. यात कुणाचं काही चुकत नाही.

वहिनी त्याला म्हणाली, "माझ्यासाठी पण असा एक अर्ज टाइप कर. मलाही निवृत्त व्हायचंय."

"कशातून, आई?"

"तुझ्यातून."

सही केली नाही. पेन चालत नाही असं सांगितलं. पेन चालत होतं.

१२ ऑगस्ट

४१. कुणी आलं नाही. श्पीरोसुद्धा नाही, त्याचे पाय सुजलेत.

दिवसभर दार उघडं. जिन्यातून कुणी चढलं की वाटतं आपल्याकडे, मग पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबतात. मी दारापर्यंत जाते, उंबऱ्यावर उभी राहते, परत येते. आज असं सात वेळा केलं. वहिनी पलंगावरून बघत होती. म्हणाली, "मांजरासारखं काय करतेस? आत तर आत, बाहेर तर बाहेर."

कागद दादाच्या टेबलावर आहे. सही करून टाकली तर निदान वाट बघणं संपेल. संध्याकाळी खरंच टोपण काढलं. मग नऊ वाजले आणि मी सवयीनं बाल्कनीत तापमापक बघायला गेले. ३४. परत आल्यावर टोपण लावून ठेवलं.

१७ ऑगस्ट

चाळिसावा.

उकडलेला गहू, वाइन, भाकरी, मासे. श्पीरोच्या दोन पुतण्यांनी वहिनीला खुर्चीत बसवून चार मजले उतरवली. ती राणीसारखी बसली होती आणि प्रत्येक वळणावर "सावकाश, मी अजून मरायची आहे" म्हणत होती. मी शेवटी निघाले. बाल्शानं दार ओढलं आणि चाळीस दिवसांनी पहिल्यांदा कुलूप लावलं. मग खिशातून दुसरी किल्ली काढली, नवीन करून आणलेली, लाल फीत बांधलेली, आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही तुझी."

स्मशानात दगडावर पांढरं कापड टाकलं होतं. मला वाटलं दादाचं साल कोरून झालं असेल, म्हणून. पाद्री आले, प्रार्थना झाली, गव्हावर वाइन ओतली. मग बाल्शा म्हणाला, "बाबांना सगळ्यांत जास्त काळजी आत्याची होती. आता ती मिटली." आणि कापड ओढलं.

दादा. वहिनी. मी.

माझ्या नोकरीच्या ओळखपत्रावरच्या फोटोवरून काढलाय. त्यात मी चाळिशीची असेन. केस काळे. खाली नाव, जन्मसाल, रेघ.

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांनी येऊन मला जवळ घेतलं. एक म्हणाली, "नशीबवान आहेस. आत्याचं असं कोण बघतं हल्ली?" दुसरी म्हणाली, "आता तुझं सगळं मार्गी लागलं." बाल्शाचे डोळे भरले होते. मीही म्हटलं, देव तुझं भलं करो. दुसरं काय म्हणणार? त्यानं मनापासून केलंय. आमच्याकडे एकट्या बाईला कुणाच्या दगडावर जागा मिळणं म्हणजे काय, हे मला कळतं. दादाशेजारी पडायला माझी ना नाही.

पण ती रेघ. रेघेपुढचा दगड घासून गुळगुळीत केलेला होता. ऊन त्याच्यावर इतकं होतं, की बघवेना. मी बाजूला सावलीत जाऊन उभी राहिले. तिथे किती अंश असतील याचा अंदाज करत राहिले.

वहिनी खुर्चीतून म्हणाली, "घाबरू नको गं. मी तिथे पंधरा वर्षं आहे. फोटो चांगला आलाय, म्हणून जीव जात नाही."

१८ ऑगस्ट

आज मला निघायचं होतं. बाल्शानं सकाळी फोनवर विचारलं, कागदावर सही झाली का, सोमवारी तो स्वतः कार्यालयात देणार आहे. मी म्हटलं, होईल. मग कपाटातून बॅग काढली, परत ठेवली. दारापाशी गेले. कुलूप होतं, किल्ली माझ्याच खिशात. उघडलं. उघडून तशीच उभी राहिले.

"रोसांदा," वहिनीनं आतून हाक मारली. वन्सं नाही, नावानं. "इकडे ये. बस. तुला कधी जायचंय?"

मी म्हटलं, वीसला हजर नाही झाले तर यंत्र बसवतील.

"हे मला आज सांगतेस?"

"तुम्हांला एकटं कसं सोडायचं?"

"कुणी सांगितलं सोडायचं नाही म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात ना, चाळीस दिवस दार..."

"कुलूप नाही म्हणाले होते मी!" तिनं काठी जमिनीवर आपटली. "राखण कर म्हणाले नव्हते! चाळीस दिवस मी तुला सांगतेय, खाली जा, बाहेर जा, डोंगरावर कोण वाट बघतंय ते बघ. तू आपली कप पुसतेस. शेवटी म्हटलं, हिला तीस वर्षांचं भरून काढायचं असेल. भावासाठी नाही आली, निदान त्याच्या कपांसाठी बसू दे. म्हटलं, बोलायला नको, हिला बरं वाटतंय."

"मला वाटलं तुम्हांला हवी आहे."

"हवी तर आहेस," ती म्हणाली. "म्हणून काय बसवून ठेवू?"

मग तिनं कागद मागितला. मी आणून दिला. तिनं तो चार वेळा घडी केला आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवायला लावला.

मी विचारलं, तुमचं कसं होणार?

"मुलगा आहे ना मला? त्याला दगडावर तुझं नाक कोरून घेता येतं, तर लिफ्ट दुरुस्त करून घेता येईल. आणि श्पीरो आहे. त्याची पंधरा नावं लिही, म्हणजे रोज भाकरी आणेल."

वहीच्या पुढच्या भागात श्पीरोचं नाव चौदा वेळा लिहिलं. ती वही इथेच राहायला हवी, त्यात एकशे त्र्याऐंशी घरं आहेत. मागची पानं कापून घेतली.

१९ ऑगस्ट

गाडी सकाळी होती. लाल फितीची किल्ली दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवली. वहिनी जागी होती, पण डोळे मिटून पडली होती. मी तिच्या कपाळाला ओठ लावले तेव्हा म्हणाली, "दार नीट ओढ. आता चोर येतात."

बॅग हलकी होती, म्हणून टॅक्सी केली नाही. श्पीरोनं रस्ता सांगितला होता.

शहरात एकूण चाळीस मिनिटं चालले. आमच्या इमारतीची पुढची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली, ती पिवळी आहे. समोर कॉफीची दुकानं, पहाटेच भरलेली. पुरुष छोट्या कपापुढे कामाला बसावं तसे बसलेले. एकानं माझे काळे कपडे पाहून उठून मान लवली. ओळख नव्हती. डाळिंबाच्या फांद्या कुंपणाबाहेर. एका बाईनं बादलीभर पाणी फुटपाथवर ओतलं, माझ्या पायांवर शिंतोडे उडाले, ती म्हणाली, "थंड आहे, घे!" झाडांवर, खांबांवर मेलेल्यांची नावं छापलेल्या काळ्या चौकटी चिकटवलेल्या. दादाची एका चिनाराच्या झाडावर अजून होती, उन्हानं पांढरी पडलेली. नाव वाचता आलं.

पुलावर तिसऱ्या दिव्यापाशी थांबले. नदी खूप खाली आहे. हिरवी, आणि दोन्ही बाजूंनी खडक पोखरलेले. हे पाणी आमच्याच डोंगरांतून येतं, हे मला कार्यालयाच्या पत्रकांवरून माहीत आहे. तेवढं मी त्याला सांगायला हवं होतं, की तू जे बघतोस ते आमच्याकडून आलेलं असतं.

किती वेळ उभी होते ते पाहिलं नाही. गाडी चुकली. पुढची दुपारी होती. स्टेशनवर थांबले नाही, परत पुलावर गेले.

२० ऑगस्ट, यावोरा

सात वाजता नोंद घेतली. ९.८. पाऊस नाही. कार्यालयाला फोन करून आकडा आणि माझं नाव दिलं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "सुट्टी कशी झाली?" मी म्हटलं, बरी.

कोळी काढला. सावोच्या चाळीस दिवसांच्या नोंदींत एकही दशांश नाही, पण एकही दिवस गाळलेला नाही. एका ठिकाणी "शेळ्या लवकर आत आल्या" असं लिहिलंय. ते खोडलं नाही. यंत्राचा खांब कुंपणाशी पडलाय, पुढच्या वर्षी उभा राहीलच.

बाल्शाचा फोन दुपारी. चिडला नव्हता. नुसताच दमलेला होता. "सांगून गेली असतीस तर सोडायला आलो असतो." म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला म्हटलं, दगड छान झालाय. तो म्हणाला, "खरंच?" मी म्हटलं, खरंच, फोटोतली बाई माझ्याहून तरुण आहे, तिला थांबायला सांग.

रात्री नऊची नोंद ११.२. लिहून झाली आणि फोन वाजला. तारीख पाहायला नोंदवहीकडे बघितलं.

"किती?" वहिनी होती.

"अकरा पूर्णांक दोन."

"थांब, चष्मा." बराच वेळ काठीचा आवाज. "हं. वीस तारीख. आठ जुलैनंतर सगळे चौकोन रिकामे आहेत. भरू का?"

"नको. न घेतलेली नोंद भरायची नसते."

"बरं. इथे छत्तीस. ये म्हणत नाहीये, नुसतं सांगतेय."

तोंडात आलेलं वाक्य मी ओळखलं. सव्वीस वर्षं तेच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, ऑक्टोबरमध्ये येते. चार दिवस.

"आणि तुझ्या नोंदी?"

"राहतील रिकाम्या."

ती मग म्हणाली, "हे पण लिहून ठेवते." आणि पलीकडे दिनदर्शिकेची पानं उलटल्याचा आवाज आला, एक, आणि आणखी एक.